पुढच्या चाकातला कापूस

आधीच सांगतो, मी मेकॅनिक माणूस आहे. गाडी बंद पडली म्हणजे कुठेतरी काहीतरी तुटलं, सैल झालं नाहीतर सुकलं... एवढंच मला समजतं. गॅरेजच्या दाराला मी कधी लिंबू-मिरची बांधली नाही. अमावास्येला इंजिन खोलू नका म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना मी मुद्दाम अमावास्येचीच तारीख देत आलो. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचतो, बऱ्याचदा हसतोही, तेव्हा मला कोणी हसलं तर माझी तक्रार नाही. फक्त खाली येऊन "भाऊ, तुम्ही थकला होतात, भास झाला असेल" एवढं लिहू नका. थकलो होतो हे मीच सांगतोय. थकलेलाच असतो मी. पण भास खिशात घालून घरी आणता येत नाही, आणि मी आणला होता.

माझं गॅरेज वर्ध्याला, बोरगाव मेघेत. गॅरेज खरं तर उस्तादांचं. मी सतरा वर्षांचा असताना त्यांच्याकडे लागलो तो तिथेच राहिलो. उस्ताद म्हणजे जुन्या फोर-व्हील जिपांचे डॉक्टर. लष्कराच्या लिलावात सुटलेल्या, कोणाच्या तरी गोठ्यात कोंबड्या बसवलेल्या जिपा ते उचलून आणायचे आणि वर्षभरात धावत्या करायचे. नव्वदनंतर नागपूरच्या शौकीन लोकांना या जिपांचं वेड लागलं. डॉक्टर, कापडवाले, एक-दोन वकील. रविवार आला की पाच-सहा गाड्या घेऊन कारंजा घाडगेच्या ढाब्यावर जमायचं, दाबून खायचं आणि मग हायवे सोडून जंगलात घुसायचं. गाडी बिघडली तर हात काळे करायला कोणीतरी पाहिजे, म्हणून सगळ्यात शेवटी उस्तादांची जीप. चालवायला मी, शेजारी ते. शिव्या द्यायला.

शिव्या म्हणजे कशा... "अबे गध्या, क्लच हाय का सायकलचं पायडल?" "पक्या, तुह्या बापानं गिअर पाह्यला होता का कधी?" दिवसभर हेच. माझा बाप शेतावर भाजी करायचा, गिअर त्याने खरंच पाहिला नव्हता. मला राग येत नसे. उस्ताद ज्याला शिव्या देत नसत, त्याला ते चार दिवसांत घरी पाठवत.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाया. त्या जिपांना आतून लिव्हर ओढला म्हणजे चारही चाकं ओढायला लागली असं होत नाही. पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी एक-एक चकती असते, तिला हब म्हणतात. खाली उतरायचं, दोन्ही चाकांपाशी वाकायचं आणि ती चकती हाताने फिरवायची. कट् असा आवाज आला की हब लॉक झालं, आणि मग पुढची चाकं ओढणार. आत बसून लिव्हर ओढला आणि हब लॉक केलं नाही, तर पुढची चाकं नुसती सोबतीला.

उस्तादांचा यात एक ठरलेला क्रम होता. चढावर उतरायची वेळ आली तर आधी मागच्या चाकाला दगड, मग हब, आणि मग बॉनेटवर दोन थापा. दोन थापा पडल्याशिवाय ड्रायव्हरने ब्रेक सोडायचा नाही. आणि शेवटचं म्हणजे कापूस. हब लॉक केलं की त्याच्या खाचेत ते कापसाचा एक बोळा खोचायचे. शेताच्या बांधावरून बोंड तोडायचं, सरकीसकट बोळा ओढायचा आणि दाबून बसवायचा. जंगलातून परत डांबरी सडकेला लागताना हब पुन्हा मोकळं करायचं असतं, ते माणूस विसरतो आणि मग गिअर अडकतो. पांढरं दिसलं की आठवण येते. नागपूरचे लोक हसायचे, "उस्ताद, गाडीच्या कानात अत्तराचा फाया!" पण इतक्या वर्षांत आमचा गिअर कधी अडकला नाही, त्यांचे अडकायचे.

त्या वाटेवर घोडचढ म्हणून एक जागा आहे. कारंज्याहून आत पांदणीने, म्हणजे शेतांमधल्या बैलगाडीच्या वाटेने, गेलं की सागाचं जंगल लागतं, मग एक कोरडा नाला, आणि नाल्यातून वर माळावर जाणारा तो चढ. उजवीकडे मुरमाची दरड, तिच्यातून बाहेर आलेला एक मोठा काळा दगड. डावीकडे सरळ खाली नाला. वर पोचलं की माळावरून अख्खं खोरं दिसतं, सगळे तिथे फोटो काढायचे.

शहाण्णव साल, दिवाळीनंतरचा एक रविवार. सकाळपासून आमचं वाजलं होतं, कार्बोरेटरवरून. बाकीच्या गाड्या वर गेल्या. मी चढाखाली हब लावायला उतरलो नाही. आळस म्हणा, ताठा म्हणा... दोन्ही. लिव्हर ओढला आणि घातली गाडी. अर्ध्यात गेल्यावर मागची चाकं जागेवर फिरायला लागली. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं.

"हब कोण लावन? तुहा सासरा?"

आणि रागारागात उडी मारून खाली उतरले. डावीकडचं हब लावलं, बॉनेटसमोरून वळून उजवीकडे आले, वाकले. कट् आवाज मला ऐकू आला. आणि मी... थापांची वाट न पाहता ब्रेक सोडला. किती वेळ आधी? श्वास घ्यायला लागतो तेवढा. गाडी मागे सरकली, पुढचं चाक वळलं आणि उस्तादांचा पाय चाक आणि त्या काळ्या दगडाच्या मध्ये सापडला.

पायात रॉड टाकला. चार महिने खाटेवर. नंतर चालायला लागले, पण एक पाय ओढत. गॅरेजमध्ये यायचे, जुन्या टायरवर बसायचे, चहा प्यायचे. आणि मला शिव्या देणं त्यांनी बंद केलं. सात वर्षं... एकही शिवी नाही. चुकलो तरी "असू दे, होते" म्हणायचे. तुम्हाला कळणार नाही ते काय असतं. मी मुद्दाम चुका केल्या हो. एकदा भर गिऱ्हाइकासमोर चुकीचं ऑइल ओतलं. उस्तादांनी पाहिलं आणि मान वळवून घेतली. मी मनाशी ठरवून टाकलं, आपण यांच्या मनातून उतरलो. माफी मागायला तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा त्यांनी "चहा सांग" म्हणून विषय तोडला. दोन हजार तीनमध्ये ते गेले. माझं जे सांगायचं ते राहूनच गेलं.

त्यानंतर काकू, म्हणजे त्यांची बायको, समुद्रपूरला लेकीकडे राहायला गेल्या. उस्तादांची जीप त्यांनी नागपूरच्या एका कापडवाल्या सेठला दिली. माणूस चांगला, वजनाने भारी आणि तोंडाने त्याहून भारी. सर्व्हिसिंगला ती जीप माझ्याकडेच यायची, तेवढं मी करत होतो. पण अपघातानंतर नऊ वर्षांत घोडचढला मी पुन्हा गेलो नव्हतो. कोणी बोलावलं की कंबर दुखते म्हणायचो.

दोन हजार पाचच्या ऑगस्टमध्ये सेठ अडूनच बसला. "प्रकाशभाऊ, या गाडीले घोडचढ माहीत, मले नाई. एक डाव दाखवून द्या, मग पुन्हा नाई म्हणत." नाही म्हणायचाही कंटाळा आला होता मला. आदल्या दिवशी दोन इंजिनं उतरवली होती, पाठीचा पार भुगा झाला होता. गेलो. सकाळी निघालो, मीच चालवत होतो. निघताना गॅरेजमध्ये दोन्ही हब स्वतःच्या हाताने मोकळी करून पुसली होती. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळे हाच प्रश्न विचारतात.

साडेअकरा-बाराचा सुमार असेल. आभाळ भरलेलं, भुरभुर पाऊस. पांदणीच्या दोन्ही बाजूंना कपाशी, जेमतेम गुडघ्याएवढी. बोंड तर सोडाच, फूलही नव्हतं. सेठ वाटभर बोलत होता. नाला ओलांडून चढ समोर आला आणि मला तो काळा दगड दिसला. बाकी सगळं बदललं होतं, झाडं वाढली होती, तो तसाच. मी त्याच्याकडेच पाहत राहिलो आणि हाताने आपोआप लिव्हर ओढला, पायाने आपोआप गाडी घातली.

हो. उतरलो नाही. तोच माणूस, तीच जागा, तीच चूक. लिहितानाही लाज वाटते.

अर्ध्यात चाकं फिरायला लागली. ब्रेक दाबला तर लाल चिखलावर गाडी अख्खीच मागे घसरू लागली, आणि घसरत घसरत डाव्या अंगाला, नाल्याकडे. सेठचं बोलणं एकदम बंद. नंतर त्याचा मारुती स्तोत्राचा पुटपुटाट सुरू झाला. हॅन्डब्रेक नावालाच होता. मी ब्रेकवर उभाच राहिलो म्हणा ना, मान मागे वळवून पाहतोय, नाला किती राहिला... हात-दीड हात असेल. माझ्या डोक्यात एकच, की आता या माणसालाही मीच मारणार.

आणि थड् करून गाडी थांबली. मागचं चाक कशाला तरी टेकलं होतं.

मी हललो नाही. पाय ब्रेकवर, मान मागेच. पावसाचा आवाज, इंजिनचा आवाज. मग पुढून, डावीकडून आवाज आला... कट्. मला वाटलं, ॲक्सल गेला. मग बराच वेळ काही नाही. चांगला बराच वेळ. मग उजवीकडे, माझ्या पायाजवळ... कट्. आणि त्यानंतर बॉनेटवर दोन थापा.

मी विचार केला नाही. खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला भीतीही वाटली नाही. वर्षानुवर्षांची सवय आहे, दोन थापा पडल्या की ब्रेक सोडायचा आणि क्लच उचलायचा. तसा उचलला. पुढच्या चाकांनी माती धरली आणि जीप अशी चढली, जशी काही सडकेवर आहे.

माळावर पोचलो. इंजिन बंद केलं. सेठने डोळे उघडले.

"प्रकाशभाऊ, तुम्ही उतरले कवा अन् चढले कवा?"

"मी उतरलोच नाही, सेठ."

"मंग बॉनेट कोनं ठोकलं?"

म्हणजे थापा त्यानेही ऐकल्या होत्या. मी खाली उतरलो. डाव्या चाकापाशी गेलो. पूर्ण चाक लाल चिखलाने लिंपलेलं, हबची चकती लॉकवर, आणि तिच्या खाचेत कापसाचा बोळा. उजव्या चाकातही तसाच. पांढरा शुभ्र. कोरडा. चाकाने वीस-तीस फेरे घेतले, चिखल पार मडगार्डपर्यंत उडालेला, आणि त्या कापसावर एक शिंतोडा नाही. ओढून काढला तर आत सरकी.

सेठला वरच बसवून मी चढ उतरून खाली गेलो. घसरल्याच्या खुणा ताज्या होत्या. त्या जिथे थांबल्या होत्या तिथे, मागच्या चाकाच्या जागी, एक दगड होता. नारळापेक्षा मोठा, एका बाजूने ओला आणि एका बाजूने कोरडा, म्हणजे नुकताच कुठून तरी उचललेला. डावीकडे पुढचं चाक जिथे होतं तिथे उभं राहायला वीतभरसुद्धा जागा नव्हती, सरळ नालाच. कोणाच्या पावलांची खूण नाही. जवळचं गावही तासभराच्या वाटेवर.

रात्री घरी पडल्या पडल्या ते दोन आवाज आठवत राहिले. डावीकडून उजवीकडे यायला बॉनेटसमोरून सहा-सात पावलं. धडधाकट माणसाला कितीसा वेळ लागतो? मध्ये जो वेळ गेला होता तो पाय ओढत चालणाऱ्या माणसाचा होता. हे कळलं तेव्हा मात्र मी उठून बसलो आणि मनसोक्त रडलो.

चार दिवसांनी एस.टी. पकडून समुद्रपूरला गेलो. दोन्ही बोळे एका डबीत घेतले होते. श्रावण चालू होता. काकू ओसरीवर मांडी घालून देवाच्या वाती वळत बसल्या होत्या, पुढ्यात कापसाचा ढीग.

"ये बापा. वाळला किती! खात नाई का काही?"

मी सांगायला लागलो. चढ सांगितला, हब लावायला उतरलो नाही ते सांगितलं. आवाज, थापा, कापूस. डबी उघडून त्यांच्या हातात दिली. त्या ऐकत होत्या. मध्ये एकच प्रश्न विचारला, आणि मी तोवर ते सांगितलंच नव्हतं.

"मांगच्या चाकाले दगड होता का रे?"

"होता. तुम्हाला कसं माहीत?"

काकूंनी पदर तोंडाला लावला.

"त्या दिशी ते दगड लावाले विसरले होते," त्या म्हणाल्या. "तुह्यावर चिडून उतरले ना... सरळ हबालेच हात घातला. पूर्ण जिंदगी लोकाईले सांगतलं, आधी दगड मंग हब, अन् सोताच विसरले. दगड असता तं तू ब्रेक सोडला काय अन् नाई काय, गाडी हललीच नसती. खाटेवर पडून मले म्हणत, पोरगं सोताले दोष देऊन राह्यलं, अन् चूक तं माही हाय."

"मग मला का नाही सांगितलं, काकू? सात वर्षं!" माझा आवाज चढला. माझा मलाच राग येत होता, त्यांचाही येत होता. "एक शब्द बोलले नाहीत माझ्याशी! मला वाटलं, मनातून काढून टाकलं मला..."

"अरे, मी म्हणत जाओ त्याहिले, पोराशी बोला, पहिल्यासारख्या शिव्या द्या. तं म्हणत, कोणत्या तोंडानं देऊ? मीच चुकलो, आता त्याले काय शिकवू? अन् तुले माफी मांगू देत नसत, तेही याच्यासाठीच. तू मांगली असती तं त्याहिले सांगा लागलं असतं. लाज वाटे त्याहिले."

मी नऊ वर्षं माझ्या ब्रेकवरच्या पायाचा विचार केला होता. दगडाचा एकदाही केला नव्हता. दोघं एकाच गॅरेजमध्ये, चार हातांवर बसून, आपापली चूक कवटाळून चहा पीत होतो. काय म्हणावं याला?

वर पाहतो तर काकूंच्या बोटांनी बोलता बोलता आपलं काम चालूच ठेवलं होतं. डबीतल्या बोळ्यांतली सरकी काढून बाजूला ठेवली होती आणि कापसाची छान लांबट वात वळून झाली होती.

"काकू! अहो काय करता? पुरावा होता तो!"

"कायचा पुरावा? कोनाले दाखवतं?" त्या उठल्या, भिंतीतल्या देवळीत उस्तादांचा फोटो होता, त्याच्यापुढच्या निरांजनात ती वात ठेवली आणि लावली. "तुले दाखवासाठी पाठवला होता त्याहिनं. तू पाह्यला. झालं ना मंग."

मी खूप चिडलो होतो, खरंच. पण ती वात जळेपर्यंत तिथून हललो नाही.

शक्य तेवढी सगळी कारणं मी शोधली आहेत. सकाळी चुकून हब लॉक राहिली असतील म्हणावं, तर मग स्टिअरिंग जड व्हायला पाहिजे, आणि ऐंशी-नव्वद किलोमीटर डांबरी सडकेवर ते हलकं होतं. सेठने गंमत केली म्हणावं, तर त्याला धड दार उघडून उतरता येत नाही. एखादा गुराखी असेल म्हणावं, तर त्याला हब काय माहीत, आणि ऑगस्टमध्ये त्याच्याजवळ सरकीसकट कापूस कुठून? उस्तादांनीच कधीकाळी खोचलेला असेल म्हणावं, तर मी स्वतः ती हब पुसली होती. शोधून शोधून थकलो. मेकॅनिक म्हणून सांगतो, फॉल्ट सापडला नाही.

त्या दिवशी निघताना काकू फाटकापर्यंत आल्या. एस.टी.ची वेळ झाली होती, मी चार पावलं पुढे गेलो होतो. मागून आवाज आला. काकूंचाच, पण मला त्यांनी आजवर "प्रकाश"शिवाय दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती.

"अबे पक्या! गध्या, चढ आला का खाली उतरत जाजो!"

मी वळून पाहिलं नाही. मान हलवली फक्त, आणि हसत, डोळे पुसत स्टँडकडे चालत राहिलो.